झाकणाला बांधलेला पट्टा

हाडांच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर मी बसले होते. लेकरू मांडीवर नुकतंच झोपलेलं, म्हणून हलत नव्हते. शेजारी नखांत रंग अडकलेला एक रंगारी आणि त्याची बायको. ती म्हणाली,

"उजवा खांदा तीनदा निखळला म्हणून सांगा."

"दोनदाच. तिसऱ्यांदा तू घरीच बसवलास."

"तुम्ही ओरडत होतात, मी घाबरून ओढला. डॉक्टर माझी खरडपट्टी काढतील, तरी सांगा. दरवेळी तो आणखी सैल होतो म्हणाले होते ना?"

"मग ऑपरेशन म्हणतील. कित्येक महिने ब्रश बंद."

"आधी व्यायाम सांगितला होता. त्यासाठी दिलेला तो रबरी पट्टा कुठंय?"

"आहे की."

"अहो, कुठं?"

"रंगाच्या डब्याचं झाकण सैल होतं. त्याला बांधलाय."

"अगंबाई! खांदा सैल, आणि पट्टा डब्याला?"

"डबा लवंडला तरी थेंब सांडला नाही हं."

"हसू नका. पुढच्या महिन्यात लेक नातीला घेऊन येतेय. उचलून घ्यायचंय, की लांबूनच बघायचंय?"

"बरं, तीनदा म्हणून सांगतो. झाकणाचंही सांगतो."

आतून त्यांचं नाव पुकारलं.

"उठा, हात द्या."

"उजवा?"

"डावा. उजवा नातीसाठी ठेवायचाय."