रेणुकाचा विषय

चहा येईपर्यंत हे ऐका. आमच्या कॉलेजात बी.ए.च्या पोरींले विषय निवडून द्याले मलेच बसवतात, अन् मी कोनाले रिकामं धाडत नाही. परवा धामणगाव बढेची रेणुका आली. कितीही समजावलं, तरी तिचं एकच, "सर, ठरत नाही." म्हटलं, बाहेर बाकावर बसून विचार कर.

त्यानंतर आलेली प्रत्येक पोरगी विषय पक्का करूनच आत!

एकीले विचारलं, "तुले कोनं सांगतलं?"

"बाहेरच्या ताईनं."

रेणुकाले बोलावलं. "साऱ्यायचं ठरवून राह्यली, अन् तुह्यंच काऊन ठरत नाही?"

"माह्यं मानसशास्त्र कवाचंच ठरलं, सर. पण बाबा म्हणतात, राज्यशास्त्र घे, तहसीलदार हो. त्यायले कोन सांगन, ते ठरत नव्हतं. आता ठरलं," असं म्हणत तिनं बाबाले लावलेला फोन माह्या हातात दिला.