दुसऱ्या बैलाचे खांदे

राम कृष्ण हरी! मंडळी, खांबामागे बसलात ते जरा पुढे या. कथा लहान आहे, पण खांबाआडून ऐकली की अर्धीच पोचते.

मघाशी पूर्वरंगात मी म्हटलं — देह हे देवाचं घर. सगळ्यांनी माना डोलावल्या! छान डोलावल्या! आता त्याच मानांना एक प्रश्न विचारते. घरावर संकट आलंय. माणूस दूर अडकलंय. उद्या काय होणार, कळत नाही. अशा वेळी बाईनं पोटभर जेवावं का? डोक्याला तेल लावावं का? दुपारी घटकाभर पाठ टेकावी का? की अशा वेळी स्वतःकडे बघणं म्हणजे स्वार्थ? पाप?

मघाशी डोलणाऱ्या माना आता हलेनात!

ऐका तर. ही कथा पोथीतली नाही. माझ्या आईनं माझ्या केसांचा गुंता सोडवता सोडवता सांगितलेली. गुंता ओढला गेला की मी ओरडायची, आणि आई म्हणायची, "थांब, आता गोजराची गोष्ट येतेय." की मी चूप! आजही खोबरेल कोमट झाल्याचा वास आला ना, की मला आधी गोजरा आठवते. मग आई.

करंजवाडी नावाचं गाव. नदीकाठी तेल्याचं घर. ओसरीला लागून घाणा. आता घाणा म्हणजे काय, हे लहान मुलांना कुठून ठाऊक! त्यांचं तेल पिशवीतून येतं! तर मुलांनो — मोठी उखळ, त्यात उभी लाट, लाटेला आडवं लाकूड, आणि त्याला जुंपलेला बैल. बैल गोल गोल फिरणार, करडई रगडली जाणार, खालून तेलाची धार! बैलाला चक्कर येऊ नये म्हणून डोळ्यांवर झापडं. त्या घरच्या बैलाचं नाव हरण्या.

घरधनी हैबती. त्याची बायको गोजरा — पहिलटकरीण, मांडीवर तान्ही चिमा. आणि हैबतीची आई ठकूबाई. म्हातारीला डोळ्यांनी दिसत नव्हतं. पण कान? अहो, मांजर ओसरीवरनं गेलं तर विचारायची, "आपलं का शेजारचं?"

हैबतीचा एक नियम होता. एक घाणं, म्हणजे एका खेपेची करडई, निघालं की जू उतरवायचं. झापडं काढायची. हरण्याला पाणी, मूठभर पेंड, आणि मानेवर थोपटून, "बस बाबा जरा." गिऱ्हाईक दारात ताटकळत असलं तरी! लोक हसायचे. "हैबती, बैल पोसतोयस का पाव्हणा?" हा म्हणायचा, "त्याचा खांदा गेला तर घाणा तुम्ही ओढणार का?"

एका श्रावणात हैबती तेलाचे बुधले घेऊन पेठेच्या गावाला गेला. चार दिवसांत येतो म्हणाला. आणि मागोमाग बातमी आली — पेठेत पटकीची साथ! माणसं सकाळी हिंडतात, संध्याकाळी नाहीत! गावकऱ्यांनी वाटा बंद केल्या. इकडचं तिकडे नाही, तिकडचं इकडे नाही. हैबती आहे की नाही — कोण सांगणार?

गोजरानं काय केलं? सरळ मारुतीच्या देवळात गेली, डोकं टेकलं, आणि बोलली — "धनी घरी येईस्तोवर माझ्या डोक्याला तेल नाही. एका वक्ताला अर्धी भाकर, त्यावर घास नाही. मी सुख घेतलं, तर त्यांना दुःख होऊ दे."

आहे की नाही कडक नवस! मारुती काही बोलला का? मारुती कसला बोलतोय! शनिवारच्या शनिवारी याच घरचं तेल अंगावर निथळतंय. तो मनात म्हणाला असेल, "बाई गं, मला पुरे झालं, यातलं बोटभर तुझ्या टाळूला घाल!" पण देव मनातलं बोलतो, आणि माणसं ओठातलंच ऐकतात.

झालं! पहाटेपासून घाणा गोजराच्या अंगावर. दळण, पाणी, लेकरू, म्हातारी. हरण्याचं जू ती नेमानं उतरवायची — नवऱ्याचा नियम ना! हरण्या बसला की ही उठायची आणि शेण काढायची. बैलाला पेंड, बाईला शेण!

हसू नका. तुमच्याही घरी पाहुणे बसले की पहिलं कोण उठतं, मला ठाऊक आहे.

आणि दुपारी? जरा कुठे हात रिकामा होतोय, तोवर आतून हाक — "गोजरे, माझ्या टाळूला तेल घाल गं!"

रोज! एक दिवस खाडा नाही! गोजरा वाटी घेऊन बसायची. म्हातारी डोळे मिटायची. "जरा हळू. हां, तिथंच. घाई कसली? बस की." मग टाळू झाली की म्हणायची, "आता पायाचे तळवे." मग म्हणायची, "लेकरू आण, त्यालाही चोळ."

गोजराच्या अंगाचा तिळपापड! विहिरीवर शेजारणीला म्हणाली, "पोटचा लेक तिकडं जिता का मेला ठाव न्हाई, आन आमच्या आत्याबाईंची टाळू थंड पायजे! दोन येळा जेवत्यात, वर ताक मागत्यात! काळीज हाय का दगड?"

शेजारीण काय म्हणणार? "अगं बाई!" म्हणाली. शेजारणीचं तेवढंच काम.

रात्री म्हातारी विचारायची, "जेवलीस का गं?" गोजरा रिकाम्या थाळीत बांगड्या वाजवायची आणि सांगायची, "जेवले आत्याबाई." आंधळ्या माणसाला फसवणं काय अवघड!

पण मंडळी, एक आवाज तिला करता येईना. चिमा पदराखाली गेली, की पूर्वी गुट् गुट् आवाज यायचा. आई झालेल्या प्रत्येकीला तो आवाज माहीत आहे. तो हळूहळू बारीक झाला. मग नुसतं चोखणं. मग रडणं. गोजरा रात्ररात्र लेकराला खांद्यावर घेऊन फिरायची — ओसरीवर गोल गोल. सांगा, कुणासारखी?

हां! फक्त हरण्याची झापडं कुणीतरी काढत होतं.

असा पोळा आला. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना ऊन पाण्यानं शेकायचं, हळद-तूप चोळायचं, आणि बैलाच्या कानात सांगायचं — आज आवतन घ्या, उद्या जेवायला या! किती गोड रीत आहे बघा. खांद्याला जेवणाचं बोलावणं!

म्हातारी चाचपडत गोठ्यात आली. "आण वाटी. हैबती न्हाई, तर मी चोळते." तिनं हरण्याचे खांदे शेकले, घट्टे पडलेल्या जागी बोटं फिरवली. हरण्यानं मान खाली घातली. म्हातारीनं त्याच्या कानात आवतन दिलं. आणि म्हणाली, "आता दुसरा आण."

गोजरा म्हणाली, "दुसरा कुठला आत्याबाई? एकच बैल हाय आपला."

"न्हाई. हितंच उभा हाय दुसरा. घामाचा वास येतोय." आणि म्हातारीनं गोजराचं मनगट पकडलं!

"आत्याबाई, नका! सोडा! मला तेल-तूप लागू देऊ नका!"

"का गं?"

"नवस हाय माझा! मोडला तर... तर ते यायचे न्हाईत!" आणि एवढं तोंडातून निघालं, तशी ती मटकन खाली बसली. इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं ते.

म्हातारी तिच्या शेजारी शेणामातीतच बसली. म्हणाली, "माझ्या लेकाचा जीव तू तुझ्या कोरड्या डोक्याला टांगून ठेवलास व्हय? आन मारुतीरायाला काय समजलीस? एका बाळंतिणीनं भाकर खाल्ली म्हणून तो माझं पोर मारील? एवढ्या कोत्या मनाच्या देवाला आपण तेल घातलं असतं का?"

गोजरा रडत म्हणाली, "तुमचं बरं हाय! तुम्ही जेवता, टाळू भरून तेल घालून घेता—"

मंडळी, शांत ऐका. म्हातारी काय म्हणाली? ती म्हणाली —

"पोरी, मला माझ्या टाळूचं काय पडलंय? तू हाक मारल्याबिगर खाली बसत न्हाईस. माझ्या डोक्यापाशी बसलीस, तर घटकाभर बूड तरी टेकतं तुझं. तुझी बोटं तरी तेलात ऱ्हातात. तेवढंच मला करता येत होतं. आन जेवते म्हणशील, तर घास उतरत न्हाई गं. ढकलते. हैबती आला आन दारात म्हातारी आडवी, बायको आडवी, तर त्याला पाणी कोण देईल?"

जिला दगड म्हटलं होतं, तिच्याच मांडीत गोजरानं डोकं घातलं. म्हातारीनं तिच्या खांद्यांवरचा पदर सारला. घागरीनं, लाटेनं, लेकरानं आखडलेले खांदे. ऊन पाणी, हळद, तूप. शेवटी तिच्या कानाशी वाकली —

"आज आवतन घ्या. उद्या जेवायला या."

"उद्या कशाला," म्हातारीच म्हणाली, "आत्ताच ऊठ. सकाळीच अळीव भिजत घातलेत. थाळी वाजवून मला फसवतेस? रिकाम्या थाळीला आवाज जास्त असतो, बये!"

त्या दिवसापासून घाण्यावर नवा नियम. हरण्याचं जू उतरलं, की गोजरानंही बसायचं. त्याला पाणी, हिला पाणी. भीती गेली का? छे! वाटेकडे डोळे लागलेलेच. दुपारी डोळा मिटला तर दचकून उठायची. पण भीती पोटात घेऊनच ती जेवत होती. आणि एका रात्री म्हातारी अंधारात हसली. गोजरानं विचारलं, "काय झालं आत्याबाई?"

"गप. ऐकू दे. गुट् गुट् वाजतंय."

वाटा दसऱ्याच्या सुमाराला मोकळ्या झाल्या. आणि एक दिवस दारात सावली पडली. हाडांचा सापळा. दुखण्यातून उठलेला, धर्मशाळेच्या कोपऱ्यात पडून राहिलेला — हैबती!

आता कुणी म्हणेल, तेल लावलं म्हणून आला. मी तसं नाही सांगणार. डोकं कोरडं ठेवूनही आला असता. तेल लावूनही कदाचित आला नसता. ते त्या विठ्ठलाच्या हातात. पण आला तेव्हा त्याला धरायला दारात कोण होतं? दोन पायांवर उभी असलेली बायको होती! तिनं त्याला खांद्याचा आधार देऊन आत घेतलं. तो खांदा शेकलेला होता म्हणून टिकला.

ओसरीवर टेकल्यावर हैबतीचा पहिला प्रश्न कुठला असेल? "पोळ्याला हरण्याचे खांदे चोळले का गं?"

गोजरा म्हणाली, "चोळले. दोघांचे."

"दोघांचे? दुसरा बैल कवा घेतला?"

आतून म्हातारी म्हणाली, "होताच की घरात! तुला दिसला न्हाई, मला दिसला!"

ती तान्ही चिमा म्हणजे माझ्या आईची आजी. घाणा गेला, हरण्या गेला, उखळीचा दगड परसात पडून आहे, त्यावर आम्ही पोरी बसायचो. आमच्या घरी बैल नाही. पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी माझी आई हळद-तुपाची वाटी घेऊन घरातल्या एकेका बाईला पुढ्यात बसवायची. आम्ही गुदगुल्या होतात म्हणून पळायचो. आता तो हात पाठीवर नाही, आणि वाटतं, पळाले नसते तर बरं झालं असतं.

तर मंडळी, आता तुमच्याकडे वळते. काळ कठीण आहे. कुणाचा मुलगा दूर आहे, कुणाचं काम गेलंय, कुणाच्या घरात दुखणं आहे. आणि तुम्ही मनात नवस बोलून बसलात — हे निभेपर्यंत मी बसणार नाही, हसणार नाही, नीट जेवणार नाही. कुणी मागितला होता तो नवस? त्यानं? हा समोर कमरेवर हात ठेवून उभा आहे, त्याला विचारा. त्याला रोज न्हाऊ घालता, जेवू घालता, शेजेवर निजवता. मग त्यानं राहायला घेतलेलं हे घर मोडकं का ठेवता?

बायकांनो, घरात जिला जेवायला तिसऱ्यांदा हाक मारावी लागते, तिला उद्या निमित्त काढून खाली बसवा. पुरुषांनो, तुम्हीही, खांदे तुम्हालाही आहेत.

आरतीला थोडा उशीर झाला तरी तो रागावणार नाही. आत्ता शेजारी जे कोणी बसलंय, त्याच्या खांद्यावर हात ठेवा. बाईनं बाईच्या, पुरुषानं पुरुषाच्या. लाजू नका! ठेवलात? लागला का घट्टा हाताला?

आता कानाशी वाका, आणि सांगा —

आज आवतन घ्या. उद्या जेवायला या.