मान वर केली, तेवढंच

— हाव, आयकलं मी, वैनी. बहिरा नाई झालो अजून. ‘तुमी त्याईले शेवटचं पाह्यलं तव्हा ते जिते होते का’ — येवढंच इचाराले साखरखेर्ड्याहून एकट्या आल्या ना तुमी? बसा. त्या बाकड्यावर नोको, त्याचा पाय लंगडा आहे, इकडं भट्टीच्या बाजूनं बसा. चहा घ्या. आता गिऱ्हाईक बी नाई — दुसरबीडच्या स्टँडवर भर दुपारी कोन येते चहा प्याले, सारे निंबाखाली आडवे झालेले. सासऱ्याले सांगून आल्या का? नाई? मंग तर झालंच कल्यान! उद्या घरात क्रिया, पळसाच्या पानाचा पुतळा बांधून ठेवला असंल तुमच्या सासऱ्यानं, नारायणराव मामानं, आन घरची सून स्टँडवर पुंजाजीच्या हाटेलात बसेल — लोक काय म्हनतीन? म्हनतीन, खाई त्याले खवखवे. मी काय खाल्लं हो? काईच नाई खाल्लं मी.

सांगतो ना. येका शब्दात सांगासारखी गोष्ट आहे का ते? बारा वर्षं झाले तुळशीराम गेला त्याले — गेला म्हंजे, राह्यला तिकडं. बारा वर्षं मानसाचा पत्ता नाई तर त्याचा पुतळा जाळाचा, बायकोनं बांगड्या फोडाच्या, कुंकू पुसाचं आन मोकळं व्हाचं, हे शास्त्रच आहे. मी नाई काढलं. हाव, मामाले मीच म्हनलं मागच्या महिन्यात बाजारात, की मामा, आता करून टाका. म्हनलं. तुमच्याच भल्यासाठी म्हनलं. किती दिवस रस्त्याकडं डोळे लावून बसान? जितं आहे का मेलं हे माईत नसलेल्या मानसाची वाट पाहनं म्हंजे — मले इचारा, मी बी पाहतोच ना वाट! म्हंजे तुमच्यासारखी नाई. ह्या गाडीतून उतरते का, त्या गाडीतून उतरते का… प्या ना तो चहा. साय धरून राह्यली त्याच्यावर.

सारं गाव म्हनते पुंजाजीनंच नेलं त्याले. असं काई नाई. तव्हा महाराष्ट्र नवा नवा झाला होता, आमी पंचवीस-पंचवीस वर्षांचे, कोनी पायी काशीले जाये तर आमाले वाटे, काशी काय, जगच पाहून येऊ! एक फळी रंगवली — ‘दोन मित्रांचा जगप्रवास, बुलढाणा ते बुलढाणा’ — एका पुढाऱ्याची चिठ्ठी मिळवली, पासपोर्ट काढले, मिलिटरीवाल्याच्या दोन जुन्या पाठपिशव्या घेतल्या. तुमच्या लग्नाले वर्ष बी झालं नव्हतं. तुमी दारात उभ्या होत्या, आठवते मले. तुळशीरामनं पिशवीत काय घेतलं माईत आहे? वांग्याचं बी. म्हने, पुंजा, जिथं चार दिवस राहू तिथं टाकू. माळ्याचं पोट्टं ते, जगात कुठंबी गेलं तरी वाफाच पाहनार! मुंबईहून जहाजाच्या डेकवर बसऱ्यापोतर, तिथून बगदाद, मंग रेल्वे, मालगाड्या — पायी पायी म्हनत होतो, पन पायी कमीच चाललो, फळी पाहून कोनीबी गाडीत घेत होतं. आन मंग ते इस्तंबूल.

वैनी, तिथं रात म्हंजे दिवस. दिवे काय, गाडे काय, बाया काय — तुमच्यापुढं काय सांगू. एक जिना उतरून खाली तळघरात गानं-बजावनं चाले, दारूचे गिलास, धूर असा की बाजूचा मानूस दिसू नये, आन एक बाई पोट हलवून नाचे. मी मान खालीच घातली. येक-दोनदा वर केली असंल. तुळशीराम? तो बाईले पाहतच नव्हता! खरं सांगतो, तुमची शपथ. तो पाहत होता तो ढोल. एका तोंडाचा, मांडीवर आडवा धराचा, बोटानं वाजवाचा. आपल्या भारुडात ढोलकी वाजवाचा ना तो, त्याचे बोट कुठी गप बसतेत? वाजवनाऱ्यानं हसून दिला त्याच्या हातात. झालं! असा वाजवला, असा वाजवला की ती बाई नाचता नाचता थांबून त्याले पाहाले लागली, लोक टेबलावर उभे राह्यले. दुसऱ्या दिवसापासून मालकानं त्याले रोज बसवलं. एक लाल शर्ट देल्ला. खानं, पिनं, झोपाले वरची खोली. सारे त्याले ‘हिंदी, हिंदी’ म्हनून हाका मारत. आन मी? मी दोघायच्या पाठपिशव्या मांडीत घेऊन कोपऱ्यात बसेल. रोज. पंधरा राती. ती फळी भिंतीले टेकवेल. कोनी इचारलं नाई की हा दुसरा मित्र कोन.

नाई, नाई, राग कशाचा? मित्रच होता. लहानपनापासून एका ताटात जेवलो.

मंग ती रात. दोन मानसायचं भांडन झालं, कोनं कोनाले मारलं, काऊन मारलं, देवाले माईत — एक जन चाकू लागून पडला तो नेमका ढोलापाशी. सारे पळाले. आन हा तुमचा शहाना! पळाचं सोडून त्या मानसाचं डोस्कं मांडीवर घेऊन बसला, जखमेवर हात दाबून धरला. लाल शर्टावर रक्त दिसते का? नाई दिसत, पन हात भरले होते कोपरापोतर. पोलीस आले. त्यायनं पाह्यला हा, परका मानूस, रक्तानं भरेल. भाषा येत नाई, अंगावर कागद नाई. मंग त्यानं मले हाक मारली — ‘पुंजा! सांग ना बे याईले!’ पोलिसवाला माह्यापाशी आला. मोठ्या मिशीचा, थकेल दिसत होता बिचारा. त्यानं तुळशीरामकडं बोट केलं, मंग माह्याकडं बोट केलं, आन काईतरी इचारलं. तुह्या संगं आहे का हा, असंच असंल. मले काय समजनार? मी आपली मान वर केली — अशी — आपन नाई का करत, मान वर झटकून, ‘काय?’ म्हनून? तेवढंच केलं, वैनी. आन त्या देशात तसं केलं का ‘नाई’ होते! मान वर केली म्हंजे नाई. घ्या. काय नशीब! आपल्याकडचं ‘काय’ आन तिकडचं ‘नाई’ एकच. पोलिसवाल्याले वाटलं मी म्हनतो, नाई, माह्या संगं नाई. नेलं त्याले. ही गोष्ट मी मामाले सांगितली, तुमच्या भावाले सांगितली, दुसरबीडात तर पोट्टे सोट्टे हसतेत त्याच्यावर. आठ दिवस मी चौक्या पालथ्या घातल्या, वैनी. ज्या चौकीत जाव तिथं एकच, कागद दाखवा, कागद. आता त्याचे कागद त्याच्याच अंगावर, मी काय दाखवू?

हाव… आताच म्हनलो मी, अंगावर कागद नाई. म्हंजे दाखवले नसतीन त्यानं. घाबरला असंल. तुमी तर वकिलासारख्या आयकता.

तो हसला होता, वैनी. मी मान वर केली तव्हा. हसलाच तो. त्याले वाटलं मी गंमत करतो. कारन त्यानंच तर मले शिकवलं होतं ते! पहिल्याच दिवशी, चहाच्या दुकानात — ते लोक गिलास रिकामा झाला की भरतच जातेत, भरतच जातेत — तर तुळशीराम म्हने, पुंजा, नोको असंल तर मान वर करून ‘च्च’ कर, इथं त्याले ‘नाई’ म्हनतेत. मंग आमी दिवसभर तेच, पानी पाहिजे का — च्च, भाकर पाहिजे का — च्च, हसून हसून पोट दुखलं…

नाई. नंतर. नंतर समजलं मले ते. तो गेल्यावर. कोनीतरी सांगितलं. चहावाल्यानंच सांगितलं असंल. बारा वर्षं झाले, मागचं पुढं होते मानसाचं. असं नोका पाहू माह्याकडं!

बरं. बरं, आयका. तुमाले खरंच आयकाचं ना? ते भांडन झालं त्याच दिवशी, संध्याकाळी, तो मले काय म्हनला माईत आहे? म्हने, पुंजा, आता पुरे. मालक जहाजात बसवून देतो म्हनते, मी घरी जातो. मी म्हनलं, अबे, अर्धं जग बाकी आहे, फळीवर काय लिहिलं आपन? तर म्हने, फळी तू ने, मले सुभद्राची आठवन येते. असं म्हनला. तोंडावर. मी काय तोंड घेऊन एकटा पुढी जाऊ? आन त्याच्या संगं परत येऊ तर लोक म्हनतीन, चालले होते जग पाहाले, बायकोच्या पदराले ओढून आनले! सारं त्याचंच. ढोल वाजवला तरी त्याचं नाव, परत जाचं तरी त्याचंच मन. मले काई किंमत आहे का नाई? तेवढ्याच रातीपुरती घमेंड जिरावी, येक रात चौकीत बसावं, सकाळी सोडवून आनू, असंच होतं माह्या मनात. देवाशपथ येवढंच होतं. सकाळी मी निघालो बी होतो. चौकीच्या दारापोतर गेलो. आतून कोनीतरी वरडत होतं. त्याचाच आवाज होता का नाई, मले सांगता येत नाई. होता. त्याचाच होता. मले वाटलं, आता आत गेलो तर म्हनतीन, काल नाई म्हनला, आज हो म्हनतो, तुले बी ठेवतो. मागं फिरलो, वैनी. स्टेशनावर गेलो आन जी पहिली गाडी दिसली तिच्यात बसलो.

तर हाव. जिता होता.

सांगितलं मी. झालं समाधान? आता त्याच्या पुढं काय झालं ते मले माईत नाई, कोनाले बी माईत नाई. तुरुंगात साथी येतेत, थंडी काय कमी असते तिकडं? बारा वर्षं म्हंजे थोडे नाईत. आला असता तर आला असता ना! म्हनूनच म्हनतो, उद्याची क्रिया होऊ द्या. त्याच्या जिवाले बी शांती, तुमाले बी… रडू नोका. रडत नाई? मंग अशा काऊन बसल्या दगडासारख्या? काई पाहिजे का तुमाले? घरी त्याचा येक फोटो बी नाई, मामा म्हनत होते. थांबा, देतो. आतल्या पेटीत आहे, इतके दिवस जपून ठेवला मी… हा पाहा. कसा दिसे पाहा ना, केस कसे बसवले तेल लावून. मेहकरात काढला होता. थांबा, ह्या पुस्तकावरून सोडवून देतो, गोंद लय पक्का आहे त्याचा, शिक्का मारेल आहे वरून. चाकू कुठी गेला…

काय पाहता? हा फोटो आहे नुसता. पुस्तक काई कामाचं नाई आता, त्याची मुदत कव्हाच संपली. माह्या पिशवीत राह्यलं होतं ते. दोघायच्या पिशव्या मीच सांभाळत नव्हतो का? हाव, त्या दिवशी बी मांडीतच होतं. वैनी, द्या इकडं. फोटो तुमचा, पुस्तक मले द्या. त्यात वाचासारखं काई नाई — तुमाले वाचता येते? कव्हापासून? प्रौढ वर्गात गेल्या तुमी? सासऱ्यानं जाऊ देल्लं? नाव आहे त्याचं, हाव, तुळशीराम नारायण, गाव साखरखेर्डा, मागं शिक्के आहेत देशादेशायचे, बाकी काई नाई. द्या म्हनतो ना!

अहो वैनी! कुठी चालल्या? साखरखेर्ड्याची गाडी एक वाजता लागते, इथंच लागते, बसा. ती नोको — ती बुलढान्याची होय! तिच्यात कुठी चढता? बुलढान्यात कोन आहे तुमचं, मोठ्या कचेरीत उभं राहाले तुमाले कोन वळखते? पुस्तक तरी द्या… लोक उठून बसले पाहा सारे निंबाखालचे. तमाशा नोको. बरं, जा. जा, जे कराचं ते करा, माह्या हाटेलात पुन्हा पाय ठेवू नोका, झालं माहं सांगून. ओ कंडक्टर, जरा थांबा हो, ह्या बाई चुकून…

वैनी.

माह्याकडं बोट करून दोन तिकिटं काऊन मागितले तुमी?