आगाऊ हजामत

किरणोपचाराच्या रांगेत एका विद्यार्थिनीसमोर एक न्हावी आणि त्याची बायको बसली होती. दोघांचीही डोकी तुळतुळीत.

"अहो, डॉक्टर म्हणाले, माझे केस जाणारच नव्हते!"

"असं कसं? कॅन्सरच्या उपचारात केस जातातच."

"ते केमोनं. ते औषध रक्तातून अंगभर फिरतं आणि भराभर वाढणाऱ्या पेशी मारतं. त्यात केसांची मुळंही सापडतात. माझे किरण फक्त छातीवर पडणार."

"मग डोक्याला?"

"काही धक्का नाही. काल तुम्ही वस्तरा लावलात तेवढाच!"

"तुला केस गळताना बघवलं नसतं गं."

"मला की तुम्हाला?"

"...मला."

"आता वाढले, की दुसऱ्या न्हाव्याकडे जाईन."

"केस वाढेपर्यंत राहशील, जाशील ना? शब्द दे."