मुलाम्याची टाकी

दवाखान्याच्या बाकावर नळांना मुलामा देणारा एक कारागीर बायकोसोबत बसला होता. त्यांचं बोलणं शेजारच्या म्हातारीच्या कानावर पडत होतं.

“डॉक्टरांना टाकीचं सगळं सांगा.”

“काय सांगू? वीज सोडली की बुडबुडे फुटतात, आम्लाचा धूर उठतो. लोखंडी नळावर क्रोम चढतं.”

“आणि तुमच्या नाकाला आतून भोक पडतं! सोडा ते काम.”

“दुसरं येतंय काय मला?”

“काल गॅस उघडा राहिला. बाळाला मांडीवर घेऊन तुम्ही तिथंच बसला होतात.”

“वासच आला नाही गं.”

“मी धावत आले म्हणून बरं.”

“तुला सांगितलं नाही. माझ्या हातात काडेपेटी होती.”

आतून कारागिराला हाक आली, पण दोघांतलं कुणीच उठलं नाही.