दोघांचं एकच रक्त

नाही साहेब, आधी पाणी प्या, मग बोला – तुमच्या मुलाला क्षय झालाय हे कळलंय मला, माणूस निवृत्त होतो, कान थोडेच होतात? आणि मी चौकशी समितीपुढे सांगायचं, की दफ्तरखान्यातल्या कोंडलेल्या हवेनं झाला, म्हणजे त्याची नोकरी वाचेल – हेच ना? गंमत आहे. माझा काही मिनिटांनी धाकटा भाऊ त्याच खोलीत बसून, त्याच आजारानं गेला, तेव्हा अशाच समितीपुढे तुम्ही म्हणालात, ‘यांची आईही त्यानंच गेली, रक्तातच आहे यांच्या.’ आणि मी समोर बसलेलो – त्याचा जुळा, तेच नाक, तेच रक्त, आणि नखात रोग नाही. एकानंही मान वर केली नाही. केली असती तर चहा गार झाला असता.

आम्हाला वेगळं बसवलं कुणी? तुम्हीच. चूक एकाची, बोलणी दुसऱ्याला – तुमचा गोंधळ व्हायचा, म्हणून मी बाहेर काउंटरवर आणि तो आत. आत जावक कारकून दिवसभर खोकायचा, आणि एसीची हवा वाया जाते म्हणून तुम्ही खिडक्यांना खिळे ठोकून घेतलेले. पुढे मी पुष्कळ वाचलं यावर – रिकाम्या माणसाला दुसरा उद्योग काय? रक्ताचा वाटा असतो, साहेब, नाही कशाला म्हणू? जंतू कितीतरी जणांच्या छातीत शिरतो आणि जन्मभर निजून राहतो. एखाद्याच्या अंगात त्याला आवरायची ताकद जन्मतःच कमी. पण आधी शिरायला तर हवा ना तो? आणि रोज, त्याच बंद खोलीत, दुसऱ्यानं खोकलेली हवा ओढायची म्हटल्यावर – म्हणजे तुम्ही अर्धं खरं बोललात. उरलेलं अर्धं सोयीनं गिळलंत.

येतो की, न यायला काय झालं? सांगतो सगळं. फक्त खिळे कुणी ठोकून घेतले तेही सांगणार, आणि मुलगा समोर हवा. त्याला ठाऊक नाही? मग तर यायलाच हवं. तिथे त्याला बसवलं कुणी, असं विचारतील? विचारू देत – नेमणुका शेवटी शेवटी माझ्याकडेच होत्या, कुणाला तरी बसवणं भागच होतं, काउंटरवर जागा होती म्हणा, पण म्हटलं, साहेबांचा मुलगा, उत्तम रक्ताचा, त्याला काय होतंय, आणि तिथला शिपाई तर तेव्हा नुकताच खोकायला –

असं काय बघताय?

उठा साहेब. जिन्यात अंधार आहे, सांभाळून उतरा.