पाण्यातला बडा गणपती

भिया, आमच्या हिला एकदा बडा गणपती पाण्यात दिसला. देवळातली एवढी मोठी मूर्ती, कधी विसर्जनाला न जाणारी, आणि ही हळूच म्हणते, “अहो, देव हलतायत.”

डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलंय, टेन्शनने होतं हे, टेन्शन घेऊ नका. हिने माझ्याकडे बोट दाखवलं, “टेन्शन हे बसलंय.”

मी घरात बोलणंच सोडलं. तरी हिची नजर विझतच गेली. शेवटी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यामागची नस पाहिली. “नसेत जन्मापासून खळगा आहे, पाणी तिथून झिरपतंय. टेन्शनचा काही संबंध नाही.”

ऑपरेशन झालं, पाणी हळूहळू ओसरलं. काल देवळात ही कितीतरी वेळ बघत उभी राहिली.

“दिसतायत?” मी विचारलं.

“दिसतायत. शांत बसलेत. आता तुम्ही बोला काहीतरी.”